कडेची दोन माणसं

“खालचा कोपरा कुठं गेला?” मी विचारलं.

बोयेटनं मान वर केली नाही. ओठांचा चंबू करून त्यानं छपाईच्या यंत्राकडे दाखवलं. त्या देशात बोट दाखवण्यापेक्षा ओठ दाखवणं लोकांना सोपं जातं.

“यंत्रानं खाल्ला, मॅम. कडा नेहमीच कापाव्या लागतात.”

“त्या कडेवर माझं नाव होतं.”

“हो का?” तो म्हणाला आणि त्यानं हातातला पाव कॉफीत बुडवला.

समोरच्या भिंतीवर दहा फुटी फ्लेक्स लटकत होता. त्यावर मॉलच्या दारातला रखवालदार होता, माझ्या हातचा. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत काठी खुपसणारा आणि नजर भलतीकडेच असलेला. खाली लाल अक्षरांत ‘बोयेट आर्ट्स’ असं छापलं होतं. शेजारी टी-शर्टांची चळत होती. त्यावरही माझीच माणसं होती आणि एकावरही माझं नाव नव्हतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मनिलाला खेटून पासिग नावाचं शहर आहे, तिथं आम्ही राहत होतो. माझा नवरा सुहास एका कॉल सेंटरात नव्या मुलांना शिकवायचा. त्याच्यासाठी मी मिरजेच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून आले होते. मिरजेत मला ‘तगारेबाई’ म्हणून अख्खी पेठ ओळखायची. इथं मी ‘बुंबाय’ होते. आपल्याकडून गेलेल्या कुणालाही तिथं बुंबायच म्हणतात. पोरं जेवेनात की आया सांगतात, बुंबाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. मी गल्लीत शिरले की दोन-तीन पोरं मुकाट भात गिळायची. तेवढाच काय तो माझा त्या शहराला उपयोग.

करायला काही नव्हतं म्हणून मी खिडकीत बसून माणसं काढायला लागले. सकाळी आठला माईक हातात घेऊन कॅराओकेवर प्रेमभंगाची गाणी म्हणणारे काका. उकडतं म्हणून बनियन छातीपर्यंत गुंडाळून, उघड्या पोटावर तबला वाजवत कोपऱ्यावर उभे असलेले रिकामटेकडे. “निघालोच, वाटेत आहे” असं फोनवर सांगणारा आणि अजून डोक्याला साबण लावलेला माणूस. हातात एकच केळं असलं तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला “या जेवायला” म्हणणारी बाई. सगळ्या गावांत असतात तशीच माणसं, फक्त ओठांनी दिशा दाखवणारी.

चित्रं बोयेटनं पाहिली. त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. आपल्याकडे वाढदिवसाला, निवडीला, श्रद्धांजलीला फ्लेक्स लागतात ना, तिथं त्याच्या दुप्पट लागतात. नर्सिंगची परीक्षा पास झालेल्या मुलीचासुद्धा चौकात फ्लेक्स. तो म्हणाला, “मॅम, मला द्या, मी छापतो. खाली तुमचं नाव.” मला दुसरं काही नकोच होतं. त्या परक्या शहरात एका भिंतीवर माझं नाव दिसावं, एवढीच माझी हाव होती. मी सत्तावीस चित्रं दिली.

“बोयेट, नाव घालायचं आपलं ठरलं होतं,” मी त्या दिवशी म्हणाले.

आता त्यानं पाव खाली ठेवला. “खरं सांगू, मॅम? लोकांना आपल्यातला चित्रकार लागतो. खाली बुंबायचं नाव दिसलं तर म्हणतील, ही परकी बाई आपल्याला हसते. माझं नाव असलं की आपलेच आपल्याला हसतात. मग टी-शर्ट घालतात.”

“म्हणजे कोपरा यंत्रानं खाल्ला नाही.”

“मॅम, तुम्ही चिडू नका. तुम्ही दोन वर्षांत जाणार. मला इथंच राहायचंय.”

त्याच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्यामुळं तर माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला.

घरी येऊन सुहासला सांगितलं. तो रात्रपाळी करून झोपायच्या बेतात होता.

“सोड की आता. चार चित्रं ती,” तो म्हणाला.

“चार नव्हेत, सत्तावीस.”

“बरं, सत्तावीस. परक्या मुलखात कशाला कुणाशी वैर घेतीस?”

“तुझ्या नावावर दुसऱ्यानं पगार उचलला असता तर झोपला असतास का?”

“मी आत्ता कशावरही झोपंन,” तो म्हणाला आणि झोपला.

माझं मन मोकळं करायला एकच जागा होती, आते लोर्नाचं दुकान. आते म्हणजे ताई. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर तिचं लोखंडी जाळीमागचं छोटं दुकान होतं. शाम्पूच्या पुड्या, सुटी अंडी, सुट्या सिगारेटी आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या तिथं मिळत. माझं नाव तिच्या जिभेला झेपेना म्हणून ती मला शाली म्हणायची. पहिल्या महिन्यात मला ताप आला तेव्हा सुहास कामावर होता. आल्याची पेज घेऊन तीन मजले चढून आली होती ती, गुडघे दुखत असताना. त्या शहरात मला माणूस म्हणून पहिल्यांदा तिनं वागवलं.

तिला माझं सगळं माहीत होतं. “बोयेट शाळेतही दुसऱ्याची वही बघून लिहायचा,” ती म्हणाली. मग जाळीतून पुढं वाकून हळूच, “पण तू सगळ्या गल्लीला काढलंस. मला कधी काढणार?”

“काढेन की.”

“बारीक काढ. आणि केस नीट.”

तिच्याच दुकानापुढं मला तिथली एक समजूत कळली होती. माझ्या वाढदिवसाला तिनं नूडल्स केले होते. तिचा, तिच्या मुलीचा आणि माझा फोटो सुहास काढत होता. तो बटण दाबणार तेवढ्यात लोर्ना किंचाळली, “थांबा, तिघी नको.” रस्त्यानं जाणाऱ्या एका तीनचाकीवाल्याला तिनं बाहीला धरून ओढलं, आमच्या शेजारी उभं केलं आणि मगच फोटो काढू दिला. तो बिचारा तोंडभर हसला आणि निघून गेला.

“तिघांचं चित्र झालं की मधलं माणूस आधी मरतं,” तिनं मला समजावलं. “हसू नकोस. माझी मावशी मध्ये होती.”

सगळी गल्ली हे मानायची. शिकलेली, न शिकलेली, चर्चला जाणारी, न जाणारी. लग्नाच्या फोटोतही तीन जण उभे राहिले की कुणीतरी धावत जाऊन चौथं व्हायचं.

मे महिन्यात तिथल्या संताची जत्रा असते, फिएस्ता. घरोघरी पंगती, रस्ताभर पताका. त्या वर्षी जत्रेच्या चार दिवस आधी बोयेट आमचे तीन जिने चढून वर आला. धापा टाकत होता.

“मॅम, कॅप्टनला चित्र हवंय.”

कॅप्टन म्हणजे त्या वॉर्डाचा निवडून आलेला प्रमुख, नेस्तोर त्याचं नाव. माजी पोलीस, मानेला घड्या, आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा. ऑक्टोबरात त्याची निवडणूक होती. जत्रेच्या दिवशी बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली मोठ्ठा फ्लेक्स लावायचा, त्यात कॅप्टन आणि त्याच्या अवतीभवती गल्लीतली माणसं, असा बेत होता.

“मग काढ की तू,” मी म्हणाले. “चित्रकार तू आहेस.”

तो कसनुसा हसला. “मॅम, प्लीज. कॅप्टनला नाही म्हणता येत नाही. या वेळी तुमचं नाव नक्की. आईची शपथ.”

त्यानं आईची शपथ घेतली त्याच क्षणी मला ते चित्र डोळ्यांपुढं दिसलं. अगदी मापासकट दिसलं.

“देते,” मी म्हणाले. “पण जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मिळेल. त्याआधी नाही.”

मी पाच माणसं काढली. मधोमध कॅप्टन, हात उंचावलेला. त्याच्या एका बाजूला माईकवाले काका, दुसऱ्या बाजूला काठीवाला रखवालदार. तिघं खांद्याला खांदा लावून. मग थोडी फट सोडून डाव्या टोकाला आते लोर्ना, ओठांचा चंबू करून दिशा दाखवणारी, केस नीट, बरीच बारीक. उजव्या टोकाला तसाच जरा लांब एक तीनचाकीवाला. कोपऱ्यात मी सही केलीच नाही. लोर्नाच्या एप्रनवर गळ्यापासून घोळापर्यंत वेलबुट्टी काढली आणि त्या वेलबुट्टीत ‘वृषाली’ लिहिलं, त्यांच्या लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. तीनचाकीवाल्याच्या शर्टावर तसंच ‘तगारे’.

सुहास उठून चहा पीत मागं उभा राहिला.

“नाव कापडावर का घातलंस?”

“कोपरा तो कापतो.”

“मग ही दोन माणसंबी कापंल.”

“कापू दे.”

त्यानं चित्राकडे पाहिलं. मग कप बाजूला ठेवला आणि दोन्ही टोकांवर एकेक हात ठेवून पाहिलं. मधे काय उरतं ते त्याला दिसलं. लोर्नाच्या दुकानापुढचा फोटो त्यानंच काढला होता.

“वृषाली, हे बरं न्हाई,” तो म्हणाला.

“शपथ पाळली तर काहीच होणार नाही. माझं नाव सगळ्यांसमोर लागेल. नाही पाळली तर त्याचं तो बघेल.”

“आणि लोर्ना?”

“तिला काय होतंय?” मी म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

लोर्नाला मी चित्र दाखवलं तेव्हा ती जाळीला नाक लावून किती तरी वेळ बघत राहिली. मग तिनं नागा गावच्या बहिणीला फोन लावला. दहा तासांचा बसचा प्रवास करून ये म्हणाली, मी कॅप्टनच्या शेजारी लागणार आहे. जत्रेच्या सकाळी तिनं पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले. मी हे सगळं पाहत होते. पाहूनही मी गप्प बसले, कारण माझं सगळं लक्ष बोयेटकडे लागलेलं होतं.

त्याच्या आदल्या संध्याकाळी मी चित्र नेऊन दिलं होतं. दुकानात अठरा ऑर्डरी पडून होत्या, बोयेटच्या डोळ्यांवर झापड होती. त्यानं चित्र संगणकात घेतलं, वेलबुट्टी मोठी करून पाहिली आणि माझ्याकडे बघून हसला.

“सुंदर नक्षी, मॅम.”

“घासून काढायची म्हटलं तर दोन दिवस लागतील,” मी म्हणाले.

“छे, कशाला काढू?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली अख्खा वॉर्ड जमला होता. फ्लेक्स गुंडाळी करून वर बांधला होता. दोरी ओढायचा मान कॅप्टनच्या आईला, लोला इस्काला. लोला म्हणजे आजी. चौऱ्याऐंशी वर्षांची ती म्हातारी खुर्चीसकट उचलून मंचावर आणली होती. पहिल्या रांगेत सरळ केसांची लोर्ना आणि तिची बहीण बसल्या होत्या. मी मागं खांबाला टेकून उभी होते.

सूत्रसंचालक ओरडला, “आणि हे चित्र काढणारा आपला स्वतःचा, आपल्या मातीतला कलाकार, बोयेट!” टाळ्या पडल्या. बोयेटनं कमरेत वाकून दोन्ही बाजूंना नमस्कार केला. तेव्हाच मला कळलं की नाव गेलं. वाईट वाटायला हवं होतं, पण मला भूक लागल्यावर ताट समोर यावं तसं वाटलं.

लोलानं दोरी ओढली. फ्लेक्स सर्रकन खाली आला.

तीन माणसं. मधोमध कॅप्टन.

बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली होती, ती एकेक वाद्य करत थांबली. लोला इस्कानं बोट वर केलं आणि मोजलं. एक, दोन, तीन. मग परत उलट्या बाजूनं मोजलं. मग तिनं असा हंबरडा फोडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“माझं पोर मध्ये! कुणी घातलं माझ्या पोराला मध्ये?”

कॅप्टन आधी हसला. मग त्याचं हसू मानेच्या घड्यांत जिरलं. त्यानं छातीवर क्रूस केला आणि बोयेटकडे वळला.

“हे तू काढलंस?”

 बोयेट फ्लेक्सकडे पाहत होता, जणू काही आत्ताच पहिल्यांदा पाहत होता, आणि तसं ते खरंही असावं. रात्रभर त्यानं फक्त कडा पाहिल्या होत्या. लोलानं तेवढ्यात पायातली सपात काढून त्याच्या दिशेनं फेकली. ती ढोलावर लागली.

“मी नाही काढलं, कॅप्टन,” तो म्हणाला. सूत्रसंचालकानं दिलेला माईक त्याच्या हातातच होता, त्यामुळं ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. “मी नाही. ती भारतीय बाई. लोर्नाच्या दुकानाच्या वर राहणारी. वृषाली तगारे.”

दीड वर्षात माझं पूर्ण नाव त्या गल्लीत पहिल्यांदा कुणी घेतलं होतं. उच्चारही अगदी बरोबर होता.

“हे एकच?” कॅप्टननं विचारलं.

“सगळी. रखवालदार, कॅराओके, सगळी तिनंच काढलीत. मला चित्र काढता येत नाही, कॅप्टन. मी फक्त छापतो.”

हजारभर लोकांची डोकी माझ्याकडे वळली. मी शांतपणे पुढं गेले, मंचावर चढले आणि फोनमध्ये घेतलेला मूळ चित्राचा फोटो कॅप्टनपुढं धरला.

“मी पाच काढले होते,” मी म्हणाले. “दोन यानं कापले. माझं नाव त्यांच्या अंगावर होतं म्हणून.”

कॅप्टननं फोन आईला दाखवला. लोलानं मोजलं. पाच भरले तेव्हा तिनं माझा गालगुच्चा घेतला. मग तो फोन हातोहात सगळ्या रांगांतून फिरला. बोयेट घरी जायला निघाला तर लोक त्याला वाट देताना दोन पावलं जास्तच मागं सरकत होते.

त्यानंतर त्या गल्लीत बोयेटकडे कुणी बारशाचा फ्लेक्स टाकेना, लग्नाचा तर नाहीच. ज्याच्या हातानं कॅप्टन मधे आला, त्याच्याकडे कोण जाणार? कॅप्टननं नवा फ्लेक्स दुसऱ्या वॉर्डातून छापून आणला. बरोबर पाच माणसं, खाली माझं नाव वीतभर. ऑक्टोबरात तो निवडूनही आला. बोयेटबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी त्याला फक्त दोन माणसं दिली होती. कापायला कुणी सांगितलं नव्हतं.

पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी लोर्नाच्या दुकानात गेले, तेव्हा ती शाम्पूच्या पुड्या लावत होती. बहीण पहाटेच्या बसनं परत गेली होती.

“बघ, नव्या फ्लेक्समध्ये तू आहेस,” मी म्हणाले. “या वेळी नक्की.”

“शाली,” ती म्हणाली, “तो कापणार हे तुला माहीत होतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी इतकी खुशीत होते की बढाई मारायचा मोह आवरला नाही.

“माहीत होतं. म्हणून तर टोकाला नाव घातलं.”

“माझ्यावर.”

“कुणावर तरी घालायलाच हवं होतं ना, आते.”

ती पुड्या लावत राहिली. “माझी बहीण दहा तास बसून आली होती,” ती म्हणाली. “ती मला विचारत होती, तू कुठं आहेस. मी तिला म्हणत होते, थांब, अजून पूर्ण उघडलं नसेल.”

मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. तिनं मान हलवली. “नव्या चित्रात मला घेऊ नकोस. दुसऱ्या कुणाला तरी घे टोकाला. पण माझा तेवढा तुकडा मला पाठव. दुकानात लावीन.”

राग गेला असं मला वाटलं. मी घाईघाईनं तिचा तेवढा भाग कापून पाठवून दिला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अंडी आणायला खाली उतरले तर जाळीच्या वर तीन फुटी लोर्ना लटकत होती. केस नीट, ओठांचा चंबू, बरीच बारीक. एप्रन मात्र कोरा पांढरा होता. गळ्यापासून घोळापर्यंत एक वेल नव्हती, एक अक्षर नव्हतं. काम इतकं सफाईदार होतं की तिथं काही होतं हे मलाच शोधावं लागलं. खालच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘बोयेट आर्ट्स’ होतं. त्याच्याकडे आता दुसरं कामच नव्हतं, पूर्ण दोन दिवस त्यानं यालाच दिले होते.

लोर्ना जाळीआडून माझ्याकडे पाहत होती. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती आणि मी काहीच म्हणू शकत नाही हेही तिला ठाऊक होतं.

“किती देऊ अंडी?” तिनं विचारलं.

“सहा,” मी म्हणाले.

आम्ही त्या घरात आणखी पावणेदोन वर्षं राहिलो. मी रोज त्या चित्राखालून गेले.